विश्लेषण : एक्स-रेपासून जनुकांपर्यंत... वैद्यकीय यंत्रांनी टिपलेले शरीर कलावंतांना का खुणावते?

एक्स-रे काढण्याआधी मिळणारी सूचना ठरलेली असते : गळ्यातले, कानातले, हातातली अंगठी काढून ठेवा. धातूची सावली फिल्मवर पडली तर तिच्याआड हाडातली चीर किंवा फुप्फुसावरचा डाग दडू शकतो. त्यामुळे वैद्यकाच्या दृष्टीने ही सूचना अगदी रास्त आहे. मात्र काही कलावंतांनी नेमके उलटे केले. त्यांनी दागिने, पायातले बूट तसेच राहू दिले आणि विचारले, शरीराच्या आतले चित्र म्हणजे तो माणूस का? एक्स-रे, एन्डोस्कोपी, सीटी स्कॅन, एमआरआय, जनुकशास्त्र अशा प्रत्येक नव्या तंत्राने कलेला नवा विषय पुरवला. तपासणीचे अहवाल आणि प्रतिमा थेट मोबाइलवर येऊ लागल्याच्या काळात हा प्रश्न कलादालनापुरता राहिलेला नाही.

हे नाते किती जुने?

शरीराच्या आत डोकावण्याची कलावंतांची ओढ यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. लिओनार्दो दा विंची यांनी १५१० च्या सुमारास पाव्हिया विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राचे तरुण प्राध्यापक मार्कान्तोनियो देला तोरे यांच्यासोबत काम केले. स्नायू, हाडे आणि अवयवांची त्यांची रेखाटने आजही थक्क करतात. ती त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. आज त्यांचा मोठा संग्रह ब्रिटिश राजघराण्याकडे विंडसर येथे आहे. पुढे १५४३ मध्ये आंद्रेआस व्हेसॅलियस यांचा शरीररचनेवरील ग्रंथ बाझल येथे छापला गेला. त्यातले सांगाडे नुसते उभे नाहीत. एक सांगाडा तर चौथऱ्यावर कोपर टेकवून, समोरच्या कवटीवर हात ठेवून विचारात गढलेला आहे.

रेम्ब्रांट यांनी १६३२ मध्ये रंगवलेले डॉ. निकोलास टुल्प यांच्या शरीररचनेच्या वर्गाचे चित्र या परंपरेतले सर्वात गाजलेले. ते आज नेदरलँड्समधील द हेग येथील मॉरित्सहुइस संग्रहालयात आहे. चित्रातील शल्यविशारदांना आपली छबी रंगवून हवी होती. मधोमध निजवलेल्या मृतदेहाला मात्र कोणी काही विचारले नव्हते. तो देह आरिस किंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चोरीच्या गुन्ह्यात फाशी दिलेल्या माणसाचा होता. चित्र डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाते, शरीर मात्र दुसऱ्याचे. हा पेच पुढच्या सगळ्या काळात कायम राहिला.

एक्स-रेने नेमके काय बदलले?

तोवर शरीराच्या आत पाहायचे तर ते कापावे लागे. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना एका अनोळखी किरणांचा शोध लागला. गणितात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतात, म्हणून हे क्ष-किरण. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी ॲना बेर्था यांच्या हाताची प्रतिमा घेतली. त्यासाठी त्यांना सुमारे १५ मिनिटे हात स्थिर ठेवावा लागला. प्रतिमेत बोटांची हाडे उमटली आणि एका बोटावर अंगठीचा गडद ठिपका. स्वतःचे हाड पाहून त्या हादरल्या, जणू आपला मृत्यूच दिसल्याची भावना त्यांनी बोलून दाखवली, असे सांगितले जाते. जानेवारी १८९६ मध्ये बातमी जगभर पसरली. राँटगेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

या प्रतिमेमागचे तत्त्व सोपे आहे. हाडांतील कॅल्शियम क्ष-किरण मोठ्या प्रमाणात अडवते, मांस आणि त्वचा त्यांना बऱ्याच अंशी जाऊ देतात. म्हणून फिल्मवर हाडे पांढरी आणि बाकी भाग करडा-काळा दिसतो. याचा दुसरा अर्थ असा, की माणूस ओळखण्याच्या बहुतेक खुणा या प्रतिमेत पुसल्या जातात. चेहरा, रंग, सुरकुत्या, हसू काहीच उरत नाही. ॲना बेर्था यांच्या त्या प्रतिमेत हा हात एका विवाहित स्त्रीचा आहे, हे सांगणारी एकमेव गोष्ट ती अंगठी होती.

कलावंतांनी याची दखल कशी घेतली?

व्हिएन्नातील योझेफ मारिया एडर आणि एडुआर्ड व्हॅलेन्टा यांनी १८९६ मध्येच क्ष-किरण प्रतिमांचा एक संच प्रसिद्ध केला. मासे, बेडूक, सरडे यांच्या त्या प्रतिमा प्रयोग म्हणून काढल्या होत्या, पण आज त्या कलासंग्रहांमध्ये जपल्या जातात. इटलीतील भविष्यवादी चित्रकारांनी १९१० च्या जाहीरनाम्यात क्ष-किरणांचा थेट दाखला दिला. माणसाची दृष्टी आता वस्तूच्या पृष्ठभागापाशी थांबण्याचे कारण नाही, असा त्यांचा रोख होता. चेक चित्रकार फ्रान्तिशेक कुप्का यांच्यासारख्या चित्रकारांच्या कामावरील क्ष-किरणांच्या प्रभावाचा कला-इतिहासकारांनी पुढे सविस्तर अभ्यास केला.

साहित्यानेही हा विषय उचलला. टॉमस मान यांच्या १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मॅजिक माउंटन’ या कादंबरीची पार्श्वभूमी दावोस येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाची आहे. तिचा नायक आवडत्या स्त्रीचे छायाचित्र जवळ बाळगत नाही, तर तिच्या छातीच्या एक्स-रेची काच बाळगतो. डॉक्टर जिथे क्षयाचा डाग शोधतात, तिथे त्याला तिची आठवण दिसते. प्रतिमा एकच, पाहणारे दोन आणि अर्थही दोन. वैद्यकीय प्रतिमा कलेत शिरते ती याच फटीतून.

दागिने आणि बूट तसेच का ठेवले?

स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या मेरेट ओपनहाइम यांचे नाव १९३६ मध्ये केसाळ कातडे चढवलेल्या कपबशीमुळे जगभर झाले. १९६४ मध्ये त्यांनी स्वतःच्या कवटीचा एका बाजूने घेतलेला एक्स-रे कलाकृती म्हणून मांडला. त्यात चेहरा नाही. पण कानातल्या गोल बाळ्या, गळ्यातली माळ आणि बोटांतल्या अंगठ्या स्पष्ट दिसतात. रुग्णालयात हा एक्स-रे पुन्हा काढायला सांगितला असता. इथे मात्र त्या धातूमुळेच कवटी कोणा एका व्यक्तीची ठरते. ही बाई नटली होती, तिने हात उचलला होता, एवढे त्यातून कळते.

अमेरिकेतील रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९६७ मध्ये ‘बूस्टर’ या मुद्राचित्रासाठी स्वतःच्या अख्ख्या देहाचे एक्स-रे काढून घेतले. एकाच फिल्मवर पूर्ण देह मावत नसल्याने वेगवेगळे भाग एकाखाली एक जोडावे लागले. सुमारे सहा फूट उंचीच्या या छापचित्रात सांगाडा डोक्यापासून पायापर्यंत उभा आहे आणि पायात खिळे मारलेले बूट आहेत. त्यावर त्यांनी त्या वर्षीच्या ग्रहताऱ्यांच्या गतीचा तक्ताही छापला.

हे दोघेही स्वतःच्याच शरीराच्या प्रतिमा वापरत होते, ही बाब महत्त्वाची. अर्थात क्ष-किरणांचा मारा शरीराला अपायकारक ठरू शकतो. सुरुवातीच्या काळात या किरणांशी खेळणाऱ्या अनेकांना भाजल्याच्या जखमा आणि कर्करोग झाले. म्हणूनच वैद्यकीय गरज नसताना एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढू नये, असे आज सांगितले जाते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण वापरले जात नाहीत.

रुग्णाच्या बाजूने हे कसे दिसते?

याचे सर्वात तीव्र उत्तर मेक्सिकोच्या फ्रिडा काहलो यांच्या चित्रांत मिळते. १७ सप्टेंबर १९२५ रोजी त्यांची बस आणि ट्राम यांची धडक झाली. तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या आणि डॉक्टर व्हायचे त्यांचे स्वप्न होते. अपघातात पाठीचा कणा, कंबरेचे हाड आणि पाय मोडले. पुढच्या आयुष्यात त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले जाते. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेतच त्या चित्रकलेकडे वळल्या. कणा ताठ ठेवण्यासाठी अंगावर चढवलेल्या प्लास्टरच्या कवचांवरही त्यांनी चित्रे काढली.

१९३२ मध्ये डेट्रॉइट येथे त्यांचा गर्भपात झाला. नेमके काय घडले ते रंगवता यावे, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे सचित्र वैद्यकीय पुस्तके मागितली. ती सुरुवातीला नाकारली गेली, मग पती दिएगो रिव्हेरा यांनी ती मिळवून दिली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवले आहे. त्यातून ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ हे चित्र झाले. रुग्णालयाच्या खाटेवर रक्ताने माखलेली स्त्री आणि तिच्या हातातल्या लाल दोऱ्यांना बांधलेले गर्भ, कंबरेचे हाड, शरीररचनेचा नमुना, गोगलगाय, यंत्राचा भाग आणि फूल. पाठ्यपुस्तकात हे अवयव कोणाचेच नसतात. इथे ते एका बाईच्या नसांशी जोडलेले आहेत.

‘द ब्रोकन कॉलम’ (१९४४) मध्ये त्यांनी कण्याच्या जागी तडे गेलेला दगडी खांब दाखवला, अंगभर खिळे रुतवले आणि देहाला पोलादी पट्ट्यांनी आवळले. एक्स-रेमध्ये मोडलेला मणका दिसतो. वेदना दिसत नाही. ती दाखवण्याची सोय या चित्राने केली. काहलो यांचा डॉक्टरांवर राग होता असेही नाही. १९५१ मधील एका चित्रात त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या आहेत, समोर शल्यविशारद डॉ. हुआन फारिल यांचे चित्र आहे आणि हातातल्या रंगपाटीच्या जागी हृदय आहे. फारिल यांनी त्यांच्या कण्यावर सात शस्त्रक्रिया केल्या होत्या.

ऑपरेशन थिएटरमध्ये कलावंत काय करत होते?

पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये परतले. त्यांच्या चेहऱ्यांची पुनर्रचना करणारे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद हॅरल्ड गिलिस यांना १९१६ मध्ये ऑल्डरशॉट येथील लष्करी रुग्णालयात हेन्री टॉन्क्स यांची साथ मिळाली. टॉन्क्स आधी शल्यविशारद होते, नंतर चित्रकलेचे शिक्षक झाले. त्यांनी सैनिकांच्या चेहऱ्यांची शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची रंगीत खडूंतील चित्रे काढली. कॅमेरा उपलब्ध होता, पण तेव्हाच्या छायाचित्रांना रंग नव्हता. शिवाय टॉन्क्स यांच्या चित्रांतील सैनिकाचे डोळे पाहणाऱ्याकडे रोखलेले असतात. जखमेची नोंद आणि माणसाची ओळख दोन्ही एकाच कागदावर आली. ही चित्रे जनतेसमोर मांडण्याजोगी नाहीत, असे खुद्द टॉन्क्स यांचे मत होते. आज ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहेत.

शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांचा मार्ग वेगळा होता. १९४४ मध्ये त्यांच्या मुलीला हाडाचा गंभीर संसर्ग झाला. एक्सिटर येथील उपचारांच्या निमित्ताने शल्यविशारद नॉर्मन केपनर यांच्याशी स्नेह जुळला आणि त्यांनी हेपवर्थ यांना शस्त्रक्रिया पाहायला बोलावले. १९४७ ते १९४९ या काळात त्यांनी जवळपास ८० चित्रे व रेखाटने केली. त्यांत रक्त आणि जखमा जवळजवळ नाहीत. मुखपट्टीमुळे डॉक्टर आणि परिचारिकांचे चेहरे झाकलेले आहेत. उरतात ते डोळे आणि हात. शिल्प घडवणाऱ्या हातांना शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांत आपलेच काम दिसले. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्य सेवा जुलै १९४८ मध्ये, म्हणजे याच काळात सुरू झाली.

कॅमेरा शरीरात शिरल्यावर काय झाले?

बैरूतमध्ये पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मलेल्या मोना हातूम यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या शरीरात एन्डोस्कोपचा कॅमेरा सोडून त्याचे चित्रीकरण केले. पॅरिसच्या पोम्पिदू केंद्रासाठी केलेल्या या कलाकृतीचे फ्रेंच नाव ‘कोर एत्रांजे’, म्हणजे परका देह किंवा शरीरात शिरलेली परकी वस्तू. प्रेक्षक एका उभ्या, दंडगोल खोलीत शिरतो. जमिनीवरच्या गोल पडद्यावर त्वचा, डोळा, घसा, आतडी सरकत राहतात आणि श्वास व हृदयाचे ठोके ऐकू येतात. परके कोण? आत शिरलेला कॅमेरा, की स्वतःलाच कधी न दिसलेले आपले आतडे? तपासणीच्या टेबलावर झोपलेल्या रुग्णाला वाटणारा अवघडलेपणा इथे पाहणाऱ्याच्या वाट्याला येतो.

ब्रिटनमधील अँजेला पामर स्कॅनमधल्या एकेका छेदाची रेखाटने काचेच्या वेगवेगळ्या तावांवर करतात आणि ते ताव एकामागे एक उभे करतात. समोरून पाहिले की हवेत तरंगणारे डोके दिसते. बाजूने पाहिले की ते नाहीसे होते. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील एका इजिप्शियन बालकाच्या ममीचे तिथल्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाले. त्यावरून पामर यांनी ते बालक काचेवर साकारले. त्यासाठी ममीची एकही पट्टी उलगडावी लागली नाही.

याचे पुढचे टोक म्हणजे मार्क क्विन यांनी २००१ मध्ये केलेले शास्त्रज्ञ जॉन सल्स्टन यांचे व्यक्तिचित्र. मानवी जनुकीय आराखड्याच्या वाचनात ब्रिटनच्या वाट्याचे काम सल्स्टन यांच्या नेतृत्वाखाली झाले होते. त्यांच्या डीएनएचे तुकडे जिवाणूंमध्ये वाढवून त्या वसाहती जेलीसारख्या थरावर जपल्या, एवढेच हे चित्र. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ते व्यक्तिचित्र म्हणून दाखल आहे. चेहऱ्याची एक रेघही त्यात नाही. एका अर्थाने इतके नेमके व्यक्तिचित्र दुसरे नसेल. पण कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येकाचेच चित्र आहे.

औषधाच्या गोळ्यांपासूनही कला होते?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २००३ पासून मांडलेली ‘क्रेडल टू ग्रेव्ह’ ही कलाकृती याचे उत्तर देते. वस्त्रकलाकार सूझी फ्रीमन, कलावंत डेव्हिड क्रिचली आणि डॉक्टर लिझ ली यांनी मिळून ती केली. जाळीच्या दोन लांबलचक पट्ट्या, एक पुरुषाची आणि एक स्त्रीची. प्रत्येकीत १४ हजारांहून अधिक गोळ्या एकेक करून विणून बसवल्या आहेत. ब्रिटनमधील सरासरी माणसाला आयुष्यभरात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा हा अंदाज आहे. तरुणपणी विरळ असलेल्या गोळ्या उतारवयात दाटीवाटीने येतात. दोन्ही बाजूंना खऱ्या माणसांची छायाचित्रे आणि छोट्या नोंदी आहेत : बाळंतपण, वाढदिवस, सहली, आजारपण. गोळ्यांचा हिशेब कोणत्याही आरोग्य अहवालात सापडेल. त्या घेत असताना माणूस काय जगत होता, ते या छायाचित्रांमुळे कळते.

भारतात आणि महाराष्ट्रात असे कोण आहे?

या संदर्भात पहिले नाव सुधीर पटवर्धन यांचे. पुण्यात १९४९ मध्ये जन्मलेले पटवर्धन पुण्याच्याच सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये डॉक्टर झाले. १९७५ ते २००५ अशी तीन दशके त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले आणि त्याच वेळी चित्रे काढली. दिवसा लोकांची हाडे आणि फुप्फुसे पाहणारा हा माणूस चित्रांत मात्र त्वचेच्या बाहेरचे जग रंगवत राहिला. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘पोखरण’, ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रांत लोकलने येणारे-जाणारे, कामगार, ठाण्याच्या टेकड्यांवर चढत गेलेली वस्ती, गिरण्यांचा परिसर दिसतो. त्यांच्या माणसांच्या शरीराला वजन असते, थकवा असतो, हाडापेराची जाण असते. फिल्मवरचा रुग्ण दवाखान्याबाहेर पडल्यावर कुठे जातो, या प्रश्नाचे उत्तर जणू या चित्रांत आहे. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये त्यांच्या कारकीर्दीचा आढावा घेणारे मोठे प्रदर्शन झाले.

मुंबईतील गिव्ह पटेल (१९४०-२०२३) हेही डॉक्टर, चित्रकार, कवी आणि नाटककार. शहरात दवाखाना चालवताना त्यांनी बुडालेली स्त्री, चिरडलेले डोके, मारहाण झालेला माणूस असे विषय रंगवले. शवागारात ज्याची नोंद ‘अनोळखी’ म्हणून होते, तो देह त्यांच्या चित्रात पाहणाऱ्यासमोर थांबून राहतो.

मुंबईत वाढलेले, पुढे बडोद्यात स्थायिक झालेले भूपेन खख्खर (१९३४-२००३) यांना उत्तरायुष्यात प्रोस्टेटचा कर्करोग झाला. ते डॉक्टर नव्हते, रुग्ण होते. १९९९ मधील त्यांच्या एका चित्रात शौचाला बसलेल्या माणसाच्या देहातून लोखंडाचे गोळे बाहेर पडतात. अहवालात ज्याला एका शब्दात वेदना म्हटले जाते, तिचे वजन आणि ओबडधोबडपणा या चित्रात आहे. शिवाय त्यात खख्खर यांच्या शैलीला साजेसा तिरकस विनोदही आहे.

वैद्यकाला कलेची गरज का भासते?

करोनाच्या साथीत जगभर ओळखीचा झालेला लाल काट्यांचा राखाडी चेंडू हे छायाचित्र नव्हते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रातील वैद्यकीय चित्रकार ॲलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी जानेवारी २०२० मध्ये तयार केलेले ते चित्र होते. हा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. म्हणजे विषाणूला आपण समजतो तसा रंगच नसतो. लाल रंग चित्रकारांनी निवडला, धोका लक्षात यावा म्हणून. पुढे तोच आकार चेन्नईत पोलिसांच्या हेल्मेटवर अवतरला आणि देशभर भिंतींवर रंगवला गेला. न दिसणाऱ्या शत्रूला कलेने चेहरा दिला आणि लोक त्यापासून सावध झाले.

वैद्यकीय शिक्षणातही कलेचा उपयोग होतो. येल विद्यापीठात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेऊन चित्रांचे बारकाईने निरीक्षण करायला लावले गेले. अशा विद्यार्थ्यांची रुग्णाच्या निरीक्षणातील नजर सुधारल्याचे निष्कर्ष २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चित्रासमोर निदानाची घाई करता येत नाही. आधी जे दिसते ते सांगावे लागते. भारतातही २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी वेगळा घटक आहे.

मग ही प्रतिमा कोणाची?

ओपनहाइम, राउशेनबर्ग आणि हातूम यांनी स्वतःचेच शरीर वापरले, त्यामुळे संमतीचा प्रश्न आला नाही. आरिस किंट यांना मात्र कोणी विचारले नाही. टॉन्क्स यांच्या सैनिकांची चित्रे उपचाराच्या नोंदीसाठी होती. आज ती कोणीही पाहू शकतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र किंवा आजाराची हकीकत डॉक्टरला परवानगीशिवाय नियतकालिकांत प्रसिद्ध करता येत नाही. हा नियम केला तेव्हा स्मार्टफोन घरोघरी पोहोचलेला नव्हता. आता एक्स-रे आणि स्कॅन नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात, ओळखीच्या डॉक्टरकडे, तिथून आणखी कोणाकडे असे सहज फिरतात. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय आणि तारीख असते, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. सोय म्हणून हे पाठवणे समजण्यासारखे आहे. पण ज्याच्या छातीची किंवा पोटाची ती प्रतिमा आहे, त्याला एकदा विचारणे अवघड नाही.

यंत्राची प्रतिमा आजार शोधण्यासाठी असते आणि ते काम ती उत्तम करते. त्यासाठी तिला माणसातले बरेच काही वगळावे लागते. चित्रकार, शिल्पकार आणि लेखक या प्रतिमांकडे पुन्हा पुन्हा वळतात, ते जे वगळले गेले त्यासाठी. एखाद्या चित्रात ती अंगठी असते, एखाद्यात बूट, एखाद्यात वेदना आणि ठाण्यातल्या एका रेडिओलॉजिस्टच्या चित्रांत संध्याकाळच्या लोकलची गर्दी.